लिफ्ट केलेल्या जिप्सीचं ढिलं स्टिअरिंग: बॉक्सचा स्क्रू सगळ्यात शेवटी

प्रश्न थोडक्यात असा. इंदूरची जिप्सी किंग, पाटे (लीफ स्प्रिंग) वाढवून आणि शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारी झुलती कडी) लांब करून अडीच इंच उचललेली, ३१ इंची टायर, बाहेर निघालेल्या डीप डिश रिम. पावसाळाभर चोरलचे नाले आणि जानापावकडच्या कच्च्या वाटा झाल्या. आता स्टिअरिंग मध्यावर चार बोटं मोकळं फिरतं आणि ताशी ६० च्या आसपास एखादा खड्डा लागला की पुढची चाकं थडथडायला लागतात. गॅरेजमध्ये स्टिअरिंग बॉक्सचा वरचा स्क्रू आवळून दिला. खेळ थोडा कमी झाला, पण वळण संपल्यावर स्टिअरिंग आपसूक सरळ येत नाही. बॉक्स बदलावा का?

अजून नाही. आधी तो स्क्रू होता तिथे परत न्या. किती फिरवला ते माहीत नसेल तर लॉक नट सैल करून पाव फेरा उलटा फिरवा आणि नट पुन्हा कसा. या अवस्थेत गाडी फार लांब चालवू नका. ढिल्या स्टिअरिंगपेक्षा न परतणारं स्टिअरिंग जास्त धोक्याचं, कारण प्रत्येक वळणानंतर गाडी तुम्हाला हाताने सरळ करावी लागते आणि घाईत ती नेमकी जास्त वळते.

स्क्रू आवळून असं का झालं ते समजलं की पुढचं सगळं सोपं जाईल. बॉक्समध्ये एक वर्म (स्क्रूसारखे आटे पाडलेला दांडा) आहे, त्यावर पोलादी गोळ्यांवरून सरकणारा नट, आणि नटाच्या दात्यांत अडकलेला सेक्टर शाफ्ट. दाते मुद्दाम असे कापलेले असतात की चाकं सरळ असताना पकड सर्वांत घट्ट आणि दोन्ही बाजूंना जरा सैल. गाडीचं बहुतेक आयुष्य सरळ रस्त्यावर जातं, त्यामुळे झीजही मध्यावरच होते. आता मध्यावरची ढिलाई घालवायला स्क्रू आवळला की न झिजलेले बाजूचे दाते जाम होतात. त्यातून लिफ्ट केलेल्या गाडीत चाकं सरळ आणणारा जोर आधीच कमी झालेला असतो (त्याचं कारण पुढे येईलच), तो हे घर्षण मोडू शकत नाही. आणि मुख्य म्हणजे चार बोटांचा खेळ एकट्या बॉक्सचा जवळपास कधीच नसतो. तो सहा-सात जागांच्या थोड्या थोड्या ढिलाईची बेरीज असते.

ती बेरीज फोडायला एक माणूस, एक टॉर्च आणि अर्धा तास लागतो. गाडी सपाट जागेवर, चाकं जमिनीवर, इंजिन बंद, मागच्या चाकांना उटी. मदतनीस सीटवर बसून स्टिअरिंग जेमतेम जोर लागेपर्यंत डावीकडे-उजवीकडे हलवत राहील, सलग, सावकाश. जास्त फिरवायचं नाही, खेळ संपून जोर लागला की उलट दिशा. तुम्ही खाली. चाकं उचलून ही तपासणी करण्यात अर्थ नाही, कारण भार नसेल तर चाक निमूट फिरतं आणि ढिला सांधा लपून जातो.

वरून खाली या. कॉलमच्या खालचा क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट) आणि रबर कपलिंग आधी बघा. वरचा शाफ्ट फिरतोय आणि खालचा थांबलाय असं दिसलं तर रबर फाटलेलं आहे किंवा त्याचे बोल्ट ढिले आहेत. मग बॉक्समध्ये शिरणारा शाफ्ट आणि बाहेर येणारा ड्रॉप आर्म (बॉक्सची हालचाल पुढे नेणारी दांडी) एकाच वेळी नजरेखाली ठेवा. शाफ्ट हलतो आणि आर्म हलत नाही, तेवढाच बॉक्सचा खेळ. त्यानंतर ड्रॉप आर्म आणि सेक्टर शाफ्टच्या खाचांवर बोट आडवं ठेवा. इथला नट ढिला असेल तर डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लगेच कळतं. पुढे ड्रॅग लिंकची (ड्रॉप आर्मकडून चाकाकडे जाणारा दांडा) दोन टोकं, मग टाय रॉडची (दोन्ही पुढच्या चाकांना जोडणारा दांडा) दोन. प्रत्येक सांध्यावर अंगठा असा टेकवा की अर्धा एका भागावर आणि अर्धा दुसऱ्यावर येईल. सगळ्यांत शेवटी नकल (अ‍ॅक्सलच्या टोकाला चाकासकट वळणारा भाग) आणि अ‍ॅक्सल.

या वेळी बॉक्स जिथे बसलाय ती चासी नक्की बघा. मोठे टायर लावलेल्या गाड्यांत बॉक्सच्या बोल्टांजवळ चासीला तडा जाणं नेहमीचं आहे आणि ते सर्वांत उशिरा सापडतं, कारण वर माळव्याच्या काळ्या मातीचा सुकलेला थर असतो. तारेच्या ब्रशने जागा चकचकीत करा. मदतनीस स्टिअरिंग हलवत असताना बॉक्सच चासीवर श्वास घेतल्यासारखा हलत असेल, किंवा रंगात गंजाची केसाएवढी रेघ दिसत असेल, तर बाकी काही करण्याआधी ते काम. तड्याच्या दोन्ही टोकांना ३-४ मिलिमीटरचं भोक पाडायचं म्हणजे तो पुढे सरकत नाही, मग तडा खणून वेल्डिंग आणि वरून पट्टी. बॉक्स काढल्याशिवाय आणि बॅटरीची वायर सोडल्याशिवाय तिथे वेल्डिंग करू देऊ नका. बोल्ट नवे, ८.८ किंवा त्याहून वरच्या ग्रेडचे.

आता गाडी उचला. जॅक चेंडूखाली (अ‍ॅक्सलवरच्या डिफरन्शियलच्या गोळ्याखाली) नको, अ‍ॅक्सलच्या नळीखाली दोन्ही बाजूंना स्टँड लावा. चाक वर आणि खाली धरून हलवा. खेळ लागला तर मदतनीसाला ब्रेक दाबायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गायब झाला तर व्हील बेअरिंग ढिलं. तसाच राहिला तर किंगपिन, म्हणजे नकल ज्यांवर वळते त्या वर-खालच्या खुंट्या. ब्रेकमुळे हब आणि नकल एकमेकांना बांधले जातात, म्हणून उरलेला खेळ त्यांच्या मागचाच असणार. मग चाक डावी-उजवीकडून धरून हलवा. इथला खेळ बहुधा टाय रॉडचा.

व्हील बेअरिंगचं काम लहान आहे. हब फिरवत नट चांगला आवळायचा म्हणजे बेअरिंग जागेवर बसतं, मग पूर्ण सैल करून १० ते १५ न्यूटन-मीटरवर आणायचा, लॉक वॉशर, वर दुसरा नट. छिन्नी-हातोड्याने नट फिरवणाऱ्याला गाडी देऊ नका. त्याला तो आकडा मोजताच येत नाही आणि एकदा कडा फाटली की पुढच्या वेळी सॉकेटही बसत नाही.

तुमच्या गाडीत मात्र माझा पहिला संशय किंगपिनवर आहे. नाल्यातलं पाणी, मोठे टायर, बाहेर निघालेली रिम आणि ६० ला थडथड, हे सगळं एकत्र आलं की बहुतेक वेळा तिथेच गाठ पडते. जिप्सीच्या प्रत्येक नकलला वर एक आणि खाली एक अशी दोन टेपर रोलर बेअरिंगं असतात. ती किती घट्ट बसावीत ते किंगपिनखालच्या पातळ शिम ठरवतात. शिम काढली की पकड वाढते, घातली की कमी होते. ही पकडच नकलला थरथरण्यापासून अडवते.

मोजायचं असं. चाक काढा. ब्रेकचा कॅलिपर सोडून तारेने पाट्याला बांधा, होजवर लटकवू नका. टाय रॉड आणि ड्रॅग लिंक सोडवा. नकलच्या आतल्या बाजूला बॉलवर (अ‍ॅक्सलच्या टोकाचा गोल भाग) बसणारं सील आणि त्याची रिंग असते, तिचे बोल्ट काढून ती मागे सरकवा. हे न करता मोजलं तर सीलचं घर्षण काट्यावर येतं आणि ढिलं बेअरिंगही घट्ट भासतं. बऱ्याच गॅरेजांत नेमकी हीच पायरी गाळतात. आता नकलच्या आर्मवर टाय रॉड बसतो त्या भोकात स्प्रिंगकाटा अडकवून त्या आर्मशी काटकोनात ओढा. नकल हलायला सुरुवात होते त्या क्षणी काटा १ ते १.८ किलोच्या दरम्यान हवा. अर्ध्या किलोवर हलत असेल तर बेअरिंग ढिलं आहे.

कमी भरलं तर ०.१ मिलिमीटरची एक शिम काढा, किंगपिन कसा, पुन्हा मोजा. वरच्या आणि खालच्या शिमांची चळत वेगवेगळ्या तारेत ओवून ठेवा, मिसळू देऊ नका. एकाहून जास्त काढावी लागली तर वर-खाली सारखी काढा, म्हणजे नकलचा मध्य अ‍ॅक्सलच्या मध्यावरच राहील. किंगपिनचे चार बोल्ट लहान आहेत, २० ते ३० न्यूटन-मीटर पुरे. लांब पाना घालून ताकद लावली तर नकलमधले आटे सुटून येतात आणि ते काम मूळ कामापेक्षा महाग पडतं. काही उस्ताद 'घट्ट करतो' म्हणून सगळ्याच शिमा काढून टाकतात. दोन दिवस स्टिअरिंग मस्त लागतं, मग जड होतं, परत येत नाही, आणि महिन्या-दोन महिन्यांत बेअरिंग दळून जातं.

शिम काढण्याआधी बेअरिंग उघडून बाहेरच्या कपात बोट फिरवा. सरळ जाणाऱ्या गाडीत रोलर वर्षानुवर्षं त्याच जागी ठोकले जातात आणि कपात सारख्या अंतरावर बारीक खळग्या पडतात. नखाला त्या लागल्या तर शिमांचा उपयोग नाही. पकड वाढवली की रोलर त्याच खळग्यांत बसतील आणि स्टिअरिंग मध्यावर खट्कन अडकेल. अशा वेळी वरचं-खालचं दोन्ही बेअरिंग कपासकट नवं. जुन्या बेअरिंगवर कोरलेला नंबर दाखवूनच नवं घ्या, 'जिप्सीचं द्या' एवढ्यावर काम भागवू नका.

ग्रीसही बघून घ्या. दुधाळ चहाच्या रंगाची असेल तर पाणी शिरलंय: बॉलचं सील कडक झालंय, किंवा बॉललाच गंजाचे खड्डे पडलेत आणि नवं सीलही त्यावर टिकणार नाही. ग्रीस पातळ, काळी आणि गिअर ऑइलच्या वासाची असेल तर आतलं अ‍ॅक्सल सील गेलंय. ते न बदलता नवी बेअरिंगं टाकली तर ऑइल त्यांचीही ग्रीस धुऊन नेईल.

टाय रॉड एंडचं फार काही सांगण्यासारखं नाही. रबरी टोपी फाटली की आत माती गेली असं धरून चाला. जोडीने बदला. नट थोडा सैल करून आटे वाचवा आणि पुलरने काढा. पुलर नसेल तर आर्मच्या कानाच्या दोन्ही बाजूंनी दोन हातोडे एकाच वेळी, आट्यांवर ठोकायचं नाही. एका टोकाला उलटे आटे असतात, दुकानात दोन्ही एकाच बाजूचे हाती पडत नाहीत ना ते काउंटरवरच बघा. खाचेच्या नटाचं भोक स्प्लिट पिनशी जुळलं नाही तर नट पुढच्या खाचेपर्यंत आवळायचा, मागे कधीच नाही. रॉड वाकलेला असेल तर तापवून सरळ करू नका. लोहामंडीतून साधा शिवणीचा पाइप आणून त्याचा रॉड करू नका, आणि रॉडच्या मधोमध जोड देऊन वेल्डिंग करणाऱ्याकडे तर जाऊच नका. जाड रॉड हवाच असेल तर सीमलेस नळी आणि टोकांना लेथवर नीट पाडलेले आटे.

हे सगळं घट्ट करूनही लिफ्टचं गणित उरतं, आणि न परतणाऱ्या स्टिअरिंगचं निम्मं उत्तर तिथे आहे. जिप्सीचा पुढचा शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असतो. तो लांब केला की पाटा नाकावर झुकतो, त्याबरोबर अ‍ॅक्सल पुढे लवंडतो आणि कॅस्टर (बाजूने बघता किंगपिनची रेषा मागे जितकी झुकलेली असते तो कोन) कमी होतो. मूळचा कॅस्टर साधारण साडेतीन अंश. तोच चाकांना सरळ आणतो. (शॅकल दोन इंच लांब केला तर गाडी जेमतेम एक इंच उचलली जाते. एवढ्यासाठी कॅस्टर गमावणं हा सौदा मला कधीच पटलेला नाही. उचलायचीच असेल तर पाट्याची कमान वाढवून उचलावी.) अलाइनमेंटवाल्याकडे जाऊन कॅस्टर फक्त वाचून घ्या. 'हा अ‍ॅडजस्ट होत नाही साहेब' असं तो म्हणेल. बरोबर आहे, आपल्याला आकडाच हवाय.

दीड-दोन अंशांवर आला असेल तर पाटा आणि अ‍ॅक्सलच्या बैठकीमध्ये २ अंशांची पोलादी पाचर घाला. जिप्सीत पाटा अ‍ॅक्सलखाली असतो, तेव्हा पाचरीची जाड बाजू पुढे. कुणी पाटा अ‍ॅक्सलच्या वर घेऊन गाडी उचलली असेल तर उलट, जाड बाजू मागे. हे उलटं बसलं तर कॅस्टर आणखी कमी होतो आणि गाडी रस्त्यावर अक्षरशः भटकते. अ‍ॅल्युमिनियमच्या पाचरी घेऊ नका, खडकांवर त्या चुरडून निघून येतात आणि यू-बोल्ट एका क्षणात ढिले होतात. ३ अंशांपलीकडेही जाऊ नका. कॅस्टर वाढला की डिफरन्शियलचं तोंड खाली जातं आणि फोर व्हील लावल्यावर पुढच्या प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस घुरघुरायला लागतो.

लिफ्टमुळे ड्रॅग लिंकही तिरकी होते. खड्ड्यात पाटा दबला की लिंक स्टिअरिंगला आपणहून ओढते. हा खेळ नाही, पण हाताला खेळासारखाच लागतो. अडीच इंचांत सहसा चालून जातं. त्याहून जास्त असेल तर योग्य ड्रॉप आर्म लागतो. असलेला आर्म तापवून वाकवणं हा गुन्हाच समजा.

पाट्यांची बुशं आणि यू-बोल्ट विसरू नका. मदतनीस स्टिअरिंग हलवत असताना अख्खा अ‍ॅक्सल आडवा सरकताना दिसला तर बुशं गेली. पाचर घातल्यावर यू-बोल्ट फुलीच्या क्रमाने आवळा आणि पहिल्या १०० किलोमीटरांनंतर पुन्हा.

टो-इन, म्हणजे पुढची चाकं पुढच्या बाजूला आत किती वळलेली आहेत ते, घरी मोजता येतं. पुढचा टायर उचलून फिरवा आणि मध्यावर खडूची पट्टी ओढून त्यात खिळ्याने एक बारीक रेघ काढा. गाडी खाली ठेवून दोन-तीन मीटर पुढे ढकला. हबच्या उंचीवर पुढच्या बाजूने दोन रेघांमधलं अंतर मोजा, मग मागच्या बाजूने. पुढचं अंतर २ ते ६ मिलिमीटर कमी हवं. ३१ इंची टायर मूळच्या २०५/७० आर १५ पेक्षा व्यासाने सुमारे १२० मिलिमीटर मोठा आहे, त्यामुळे तोच कोन टेपवर थोडा मोठा दिसतो. ४ धरून बसा. टाय रॉड फिरवून टो लावायचा, स्टिअरिंगचा दांडा सरळ करायचा तो ड्रॅग लिंकने. हा क्रम उलटला तर दोन्ही कामं दोनदा होतात.

थडथडीबद्दल एक सोपी परीक्षा आहे. कुणाकडून तरी मूळ मापाची दोन चाकं मागून पुढे लावा. थडथड गेली तर तुमचा टायर, बॅलन्सिंग किंवा रिम दोषी. डीप डिश रिममुळे चाकाचा मध्य किंगपिनच्या रेषेपासून बाहेर जातो आणि प्रत्येक खड्डा लांब तरफेने नकलला पिळतो. किंगपिन नवे घातले तरी त्या रिमवर ते लवकर जातील हे गृहीत धरा. हवा टायरच्या भिंतीवर छापलेली कमाल संख्या बघून भरू नका. जिप्सी सुमारे टनभराची गाडी आहे, रस्त्यावर २४ ते २६ पीएसआय पुरतं. स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगची थरथर शोषणारा आडवा शॉक अ‍ॅब्सॉर्बर) काढून हाताने आत-बाहेर करा. मध्येच पोकळ लागला तर बदला, पण थडथडीवर औषध म्हणून नवा डॅम्पर लावू नका. तो चार महिने आवाज दाबेल आणि तेवढ्यात किंगपिन पार जातील.

मोठे टायर आणि लिफ्ट यांना मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लागू होतं, तेव्हा आरसीवर नसलेला बदल अपघातानंतर विम्याच्या वेळी आडवा येऊ शकतो, हेही जाता जाता ध्यानात असू द्या.

बाकी सगळं झालं की बॉक्स. ड्रॅग लिंक ड्रॉप आर्मपासून सोडवा. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फेरे मोजत फिरवा आणि बरोबर निम्म्यावर आणा. हाच बॉक्सचा खरा मध्य. स्टिअरिंगचा दांडा आडवा दिसतो म्हणून तो मध्य असं समजू नका. आता स्क्रू एक अष्टमांश फेरा आवळा, लॉक नट कसा, आणि टोकापासून टोकापर्यंत फिरवून बघा. मध्यावरून जाताना किंचित जडपणा जाणवला पाहिजे, पण कुठेही अडकता कामा नये. पुन्हा एक अष्टमांश, पुन्हा फिरवून बघणं. बाजूला जाम व्हायला लागला आणि मध्यावर तरी खेळ उरला, तर दाते झिजले. मग बॉक्स बदलायचा, स्क्रूशी झटापट करायची नाही. आत ९० नंबरचं गिअर ऑइल असतं. गळतो म्हणून ग्रीस ठासून भरलेले बॉक्स सर्रास दिसतात. ग्रीस एकदा बाजूला ढकलली गेली की गोळ्यांकडे परत वाहत येत नाही आणि वर्म कोरडा चालतो. सील बदला, ऑइल भरा.

जोडून झाल्यावर स्टिअरिंगच्या चाकाच्या कडेला १० ते ३० मिलिमीटर खेळ राहिला तर तो तसाच सोडा, कंपनीनेच तेवढा धरलेला आहे. शून्यावर आणायच्या नादात पुन्हा स्क्रूकडे वळू नका. पहिली फेरी रिकाम्या मैदानात, २० आणि ४० च्या वेगाने, दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून: टायर पाट्याला घासत नाही ना आणि डॅम्पर टोकाला जाऊन अडत नाही ना, ते बघा. सिमरोलचा घाट त्यानंतर. ५० किलोमीटर झाले की सगळे नट, स्प्लिट पिना आणि चासीची ती जागा एकदा टॉर्चने बघून घ्या.